कोकणातल्या वाडीसाठी स्टिल एमएस १८०: पारख, वापर आणि निगा

वाडीत आंबा, काजू, फणस, सुपारी अशी सरमिसळ असेल आणि वर्षाकाठी पंधरा-वीस दिवसांचंच काम असेल, म्हणजे फांद्या छाटणं, पडलेलं झाड मोकळं करणं, जळणाचे तुकडे पाडणं, तर स्टिलचा एमएस १८० हा चेनसॉ (पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत) पुरेसा आहे. त्याहून मोठं मशीन घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. रोज लाकूड कापणाऱ्यासाठी मात्र हे मशीन नाही. दोन फूट घेराचा आणि दोन फूट व्यासाचा बुंधा यांतला फरक घेण्याआधीच डोक्यात पक्का हवा. घेर दोन फूट असला तर व्यास जेमतेम आठ इंच भरतो, आणि ते काम याच्या हातचं आहे. व्यासच दोन फूट असेल तर या इंजिनाला तो छळ होतो.

आधी आकडे बघू. इंजिन ३१.८ सीसी, ताकद दीड किलोवॉटच्या आसपास, वजन पट्टी (साखळी जिच्या कडेने फिरते ती), साखळी आणि पेट्रोल सोडून ३.९ किलो. पेट्रोलची टाकी पाव लिटरची, साखळीच्या ऑइलची सुमारे दीडशे मिलीची. हुस्कवर्नाचा १२० मार्क टू याच गटातला, ३८.२ सीसीचा. पण तो ४.८५ किलो भरतो आणि ताकद साधारण तेवढीच देतो. उतारावरच्या कलमांमध्ये दिवसभर फांद्या उतरवायच्या असतील तर हा जवळजवळ एक किलोचा फरक संध्याकाळी मनगटाला कळतो. ताकदच जास्त हवी असेल तर स्टिलचाच एमएस २५० बघावा. तो ४५.४ सीसी, २.३ किलोवॉट आणि ४.६ किलोचा आहे.

बाजारात ‘५८ सीसी, २२ इंच’ असं खोक्यावर छापलेली बिननावाची मशीनही मिळतात, ती बरीच स्वस्त पडतात. त्यांची खरी अडचण ताकदीची नाही. दोन वर्षांनी कार्बोरेटरचा डायफ्राम (आतला पातळ पडदा) किंवा क्लचची स्प्रिंग लागली की नेमका तोच भाग मिळत नाही, जवळपास बसणारा मिळतो. शिवाय २२ इंची पट्टी नवख्या हातात देणं धोक्याचंच. म्हणून खरेदीला निघाल्यावर पहिला प्रश्न किमतीचा नको. दुकानदाराला विचारा, ‘साखळी, पेट्रोल फिल्टर, प्लग आणि स्प्रॉकेट आत्ता शेल्फवर आहे का? दाखवा.’ (स्प्रॉकेट म्हणजे साखळी फिरवणारं दातेरी चाक.) दाखवता आलं नाही तर दुसरं दुकान बघा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आणि पुढच्याच मे महिन्यातल्या तौक्तेनंतर रस्त्यांवर आणि वाड्यांत झाडांचा खच पडला होता. अशा दिवसांत सुटा भाग जिल्ह्याच्या गावी जाऊन आणणं जमत नाही.

पट्टी १४ इंचीच घ्या. १६ इंची बसते, पण मग साखळी लांब, घर्षण जास्त आणि इंजिन मात्र तेच. साखळी मागताना नुसतं ‘१४ इंची द्या’ म्हणू नका. एमएस १८० ची नेहमीची साखळी ३/८ पिको (कड्यांमधल्या अंतराचं माप), १.३ मिमी जाडीची आणि ५० ड्राइव्ह लिंकची (पट्टीच्या खाचेत शिरणाऱ्या कड्यांची) असते. दुसऱ्या कंपन्यांच्या १४ इंची साखळ्या बहुधा ५२ लिंकच्या असतात. दोन लिंक जास्त म्हणजे ताण देणारा स्क्रू शेवटपर्यंत फिरवला तरी साखळी ढिलीच लोंबते. त्यात काही मशीनवर १.१ मिमी खाचेची पातळ पट्टीही येते, तिच्यात १.३ ची साखळी शिरतच नाही. पट्टीच्या मागच्या टोकाजवळ हे आकडे कोरलेले असतात, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि दुकानात तोच दाखवा.

आता पेट्रोल. या मशीनचा जीव इथेच जातो. इंजिन टू-स्ट्रोक आहे, त्यामुळे वंगण पेट्रोलमधूनच मिळतं. कंपनीचं टू-स्ट्रोक ऑइल असेल तर प्रमाण ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. दुसऱ्या कंपनीचं टीसी दर्जाचं (टू-स्ट्रोक ऑइलचा एक दर्जा) असेल तर २५ ला १, लिटरला ४० मिली. ‘झाकणभर’ हे माप नव्हे. मेडिकलमधून २० मिलीची सिरिंज आणा आणि ती याच कामाला ठेवा. कॅनमध्ये आधी ऑइल, मग पेट्रोल, मग खळखळून हलवणं. टाकीत ओतण्याआधी पुन्हा एकदा हलवायचं. पहिल्या तीन टाक्या होईपर्यंत नवं मशीन लोड नसताना फुल रेस करू नका.

हल्ली पंपावर इथेनॉल मिसळलेलंच पेट्रोल मिळतं, २० टक्क्यांपर्यंत. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. कोकणातल्या दमट हवेत महिनाभर ठेवलेल्या कॅनच्या तळाशी पाणी-इथेनॉलचा वेगळा थर बसू शकतो, आणि टाकीतला फिल्टर तळाशीच असल्यामुळे इंजिन नेमकं तेच ओढतं. त्या थरात ऑइल जवळजवळ नसतं. परिणाम पिस्टनवर दिसतो. सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडातून बघितलं तर पिस्टनवर उभे ओरखडे दिसतात, आणि ते दिसले की खर्च पिस्टन-सिलिंडरपर्यंत गेलाच. उपाय साधा आहे. लागेल तेवढंच मिश्रण करा, एका वेळी लिटरभर, आणि ते महिन्याच्या आत संपवा. काम संपलं आणि पुढचे काही आठवडे मशीन लागणार नसेल तर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत आयडलवर, म्हणजे रेस न देता, चालू ठेवा. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल वाळलं की डायफ्राम कडक होतो. पावसाळ्यानंतर मशीन सुरू न होण्याचं हेच सगळ्यात नेहमीचं कारण.

साखळीचं ऑइल वेगळं. गॅरेजमधलं जळकं काळं ऑइल फुकट मिळतं म्हणून सर्रास ओततात. त्यात धातूचा कीस असतो, चिकटपणा उरलेला नसतो, आणि पट्टीच्या टोकाला वळताना ते साखळीवर न राहता उडून जातं. कातडीवर बसतं ते निराळंच. चेन ऑइलच घ्या. या मशीनचा ऑइल पंप कमीजास्त करता येत नाही, त्यामुळे तपासणं आलंच. पेट्रोलची टाकी संपली की ऑइलही जवळजवळ संपलेलं हवं. ऑइल बरंच शिल्लक असेल तर कुठेतरी अडलंय. पट्टीचं टोक वाळक्या झापावर किंवा पुठ्ठ्यावर वीतभर वर धरून रेस द्या, ऑइलची बारीक रेघ उमटली पाहिजे. न उमटल्यास पट्टी काढा. तिच्या मागच्या बाजूचं ऑइलचं भोक ओल्या भुशाने बुजलेलं असतं, तारेने मोकळं करा.

स्प्रॉकेट बदलल्यानंतर ऑइल बंद झालं असेल तर कारण बहुधा वेगळंच. स्प्रॉकेट ज्याला जोडलेलं असतं त्या क्लचच्या ड्रमला कडेला एक खाच असते आणि ऑइल पंप फिरवणारी तार त्या खाचेत बसावी लागते. ड्रम घाईने दाबून ई-क्लिप (ड्रम जागेवर धरणारी कडी) लावली की तार खाचेबाहेर राहते. मग साखळी फिरते, पण पंप फिरत नाही. ड्रम हळूहळू फिरवत बसवा, तार खाचेत पडली की हाताला जाणवतं. आतल्या सुई-बेअरिंगला त्याच वेळी थोडं ग्रीस लावून घ्या. दोन साखळ्या झिजल्या की स्प्रॉकेट बदलायचं. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी साखळी चढवली तर तीही लवकर वाया जाते.

ताण देताना पट्टीचा नट थोडा सैल करा, पट्टीचं टोक वर उचलून धरा, बाजूचा स्क्रू फिरवा, आणि टोक उचललेलं असतानाच नट आवळा. साखळी पट्टीच्या खालच्या बाजूला चिकटलेली हवी, तरी साखळीचा ब्रेक (पुढच्या दांड्यासमोरची ढाल) सोडून हातमोज्याने ओढली की सरकली पाहिजे. नवी साखळी पहिल्या तासाभरात वाढते, तेव्हा सारखं बघत राहा. आणि तापलेल्या साखळीला ताण दिला असेल तर काम संपल्यावर तो सैल करा. थंड होताना ती आखडते आणि क्रँकच्या बेअरिंगवर ओढ येते.

धार. मशीनचं कौतुक किंवा तक्रार करण्याआधी खाली पडलेला भुसा चिमटीत घेऊन बघा. जाडसर कपच्या पडत असतील तर धार ठीक. पिठासारखी पूड पडत असेल तर साखळी बोथट आहे, आणि तुम्ही दाबून कापताय. धारदार साखळी स्वतःच लाकडात शिरते. या साखळीला ४.० मिमीची गोल कानस लागते, ४.८ ची चालत नाही. पट्टी ओंडक्यातल्या खाचेत किंवा शिकंज्यात पक्की धरा. दाताच्या वरच्या कडेवर असलेल्या रेघेशी समांतर, ३० अंशांत, कानस आडवी सपाट ठेवून आतून बाहेर ढकला. तिचा साधारण चौथा हिस्सा दाताच्या वर राहिला पाहिजे. परत आणताना कानस उचलून घ्यायची, घासत आणायची नाही. दोन-तीन हात पुरतात. सगळ्यात आखूड दात आधी शोधा आणि बाकीचे त्याच्याइतके करा. एका बाजूचे सगळे झाले की दुसऱ्या बाजूने तेवढेच हात. उजव्या हाताचा जोर एका बाजूला जास्त पडतो, मग एका अंगाचे दात लांब राहतात आणि मशीन लाकडात वाकडं जातं. मग लोक पट्टी खराब झाली म्हणतात.

दातासमोर जी छोटी गाठ असते ती किती खोल कापायचं ते ठरवते. ती दाताच्या टोकापेक्षा ०.६५ मिमी खाली हवी. चार-पाच वेळा धार लावल्यावर मापपट्टी ठेवून सपाट कानशीने ती उतरवा. अंदाजाने जास्त उतरवली तर साखळी लाकडाला हिसके मारते आणि उसळण्याचा धोका वाढतो. धार लावताना प्रत्येक वेळी पट्टी उलटी करून बसवा, खाच भुशातून साफ करा. खाचेची खोली ५ मिमीच्या खाली गेली की पट्टी बदला.

लाकडानुसार धार किती टिकते ते बदलतं. माडाचं खोड बाहेरच्या अंगाला कठीण आणि आत भुसभुशीत असतं. बाहेरच्या सालीवर किनाऱ्याची वाळूही बसलेली असते, त्यामुळे एक-दोन माडांत साखळी बोथट होते. सागातही सिलिका असते. फणसाचा चीक साखळीच्या सांध्यांत सुकतो. काम झाल्यावर लगेच रॉकेलच्या फडक्याने पुसलं तर निघतो, दुसऱ्या दिवशी नाही. आणि कुठल्याही लाकडात साखळी जमिनीला टेकली तर सगळी धार एका क्षणात जाते. ओंडक्याखाली लाकडाचा ठोकळा सारा.

बाकीची निगा थोडक्यात. एअर फिल्टर रोज काढून झटका. कोमट साबणाच्या पाण्यात धुतला तर पूर्ण वाळल्याशिवाय लावू नका. टाकीतला पेट्रोल फिल्टर वाकवलेल्या तारेने बाहेर ओढता येतो, वर्षातून एकदा बदला, आणि त्याच वेळी रबरी नळीला तडे आहेत का बघा. प्लगमधलं अंतर ०.५ मिमी. फुल रेसवर मशीन बंद पडत असेल तर पेट्रोलचं झाकण किंचित सैल करून बघा. तेवढ्याने चालू राहिलं तर टाकीचा हवेचा मार्ग बुजलाय, कार्बोरेटर उघडायचं कारण नाही. आयडलवर साखळी फिरत असेल तर आयडलचा स्क्रू डावीकडे फिरवून ती थांबवा. तरी थांबली नाही तर क्लचची स्प्रिंग तुटलेली असते, मशीन वापरणं तिथेच बंद करा.

सुरू करताना मशीन जमिनीवर, उजवा पाय मागच्या दांड्यात, ब्रेक पुढे ढकललेला, लिव्हर सगळ्यात खाली चोकवर. दोरी ओढत राहा, एक ‘फट्’ आवाज येतो. तो आला की लिव्हर एक घर वर. हा पहिला आवाज ऐकू आला नाही आणि चोकवरच ओढत राहिलं तर प्लग भिजतो. मग प्लग काढून पुसा, लिव्हर बंदवर ठेवून प्लगशिवाय सात-आठ वेळा दोरी ओढा, आणि मग चोक न देता सुरू करा.

वादळात पडलेल्या झाडावर सगळ्यात जास्त अपघात होतात, कारण ते लाकूड ताणलेलं असतं. खोड दोन्ही टोकांवर टेकून मध्ये अधांतरी असेल तर वरची बाजू दाबलेली, खालची ताणलेली. आधी वरून एक तृतीयांश कापा, मग खालून. एकाच टोकावर टेकलेलं असेल तर उलट, आधी खालून एक तृतीयांश, मग वरून. खालून कापताना पट्टीची वरची धार वापरली जाते आणि मशीन अंगावर ढकललं जातं, तेव्हा दोन्ही हात पक्के हवेत. मुळासकट उपटलेल्या झाडाचं खोड कापलं की मुळांचा गड्डा परत खड्ड्यात आपटू शकतो. त्याच्या मागे कोणी, विशेषतः पोरं, उभी नाहीत ना ते आधी बघा. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग कशालाही लागू देऊ नका, मशीन तिथूनच तोंडाकडे उसळतं. खांद्याच्या वर, शिडीवर किंवा एका हाताने हे मशीन चालवायचं नाही. माडावर चढून तुकडे उतरवणं हे जाणकार माणसाचं काम आहे, त्यालाच द्या.

उभं झाड पाडायचं असेल तर आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत. जमीन स्वतःची असली तरी आधी परवानगी घ्यावी लागते.

मशीनबरोबर त्याच दिवशी घ्यायचं सामान: एक जादा साखळी, ४.० च्या दोन कानशी, मापपट्टी, चेन ऑइल, चष्मा, कानावरचे मफ आणि कापण्यापासून वाचवणारी पँट. पैसे कमी पडत असतील तर मशीन पुढच्या महिन्यात घ्या, पँट सोडू नका.