जुनं रॅप की आताचं? दिवा-मुंब्रा आणि डोंबिवली-कोपर

चाळिशी ओलांडलेले मित्र हल्ली मला एकच प्रश्न विचारतात. रोजचे दोन-अडीच तास लोकलमध्ये जातात, कानात काहीतरी हवं असतं. मग कॉलेजात ऐकलेलं हिप हॉप पुन्हा धरावं, की घरातली पोरं ऐकतात ते आजचं रॅप शिकून घ्यावं? दोन्ही करा, असं सांगणं सोपं आहे. पण ज्याला दिवसात एकच तास मिळतो, त्याला कुठूनतरी सुरुवात करावी लागते. मी हा पेच गेल्या वर्षी सोडवला, माझ्यापुरता. चार महिने भाच्याने करून दिलेली यादीच ऐकायची, जुन्याला हात लावायचा नाही, असं ठरवून ऐकलं. त्या चार महिन्यांच्या जोरावर हे लिहितोय. मी संगीताचा जाणकार नाही, डोंबिवलीचा पासधारक आहे.

आधी ‘जुनं’ म्हणजे कुठलं ते ठरवून घेऊ. हिप हॉपचा जन्म म्हणून ११ ऑगस्ट १९७३ ची तारीख सांगतात, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डी वाजवल्या तो दिवस. काटेकोरपणे बघितलं तर ‘ओल्ड स्कूल’ म्हणजे साधारण १९८४ पर्यंतचा काळ, आणि खरं सांगायचं तर ते आपल्यापैकी कोणी रोज ऐकत नाही. आपण हळहळतो ते १९८६ ते १९९६ या दशकासाठी. रकीम आणि नाससारखे रॅपर, पब्लिक एनिमी, ट्राइब कॉल्ड क्वेस्ट, वू-टँग हे गट. या लेखात जुनं म्हणजे हेच.

आणि त्या हळहळीबद्दल थोडं खरं बोलायला हवं. १९९० साली घराघरांत जे रॅप पोहोचलं, ते हॅमरच्या ढगळ पँटीचं आणि व्हॅनिला आइसचं होतं. आपल्याकडे तेच १९९२ मध्ये बाबा सेहगलच्या थंड पाण्यातून आलं, आणि शाळेच्या गॅदरिंगला आम्ही त्यावर नाचलो. नासचं नाव तेव्हा आमच्या वर्गात कोणालाही माहीत नव्हतं, मलाही नाही. म्हणजे आज आपण जे जुनं ऐकतो, ते तीस वर्षांच्या चाळणीतून खाली आलेलं आहे. नवं अजून चाळायचंय. या तुलनेत नव्यावर थोडा अन्याय होणारच, तो मी करणार आहे, आणि तुम्ही वाचताना तेवढी सूट धरून चाला.

आवाजापासून सुरू करतो, कारण इथे नवं सरळ सरळ जिंकतं. साध्या इयरफोनवर जुन्या रेकॉर्डी बारीक वाटतात. ट्रॅप म्हणतात त्या आजच्या रॅपच्या प्रकारातला खालचा दणका छातीत बसतो. जिन्याने चढताना, जिममध्ये, रात्री घोडबंदरवरून गाडी चालवताना त्याला तोड नाही. गंमत अशी की तो दणका ज्या यंत्राच्या नावाने ओळखला जातो, ते रोलँड कंपनीचं ८०८ हे ड्रम वाजवणारं यंत्र बाजारात आलं १९८० साली. म्हणजे नव्याचा पाया जुन्याहून जुना.

पण जुन्याचा तो बारीक, खरखरीत आवाज आला कुठून हे कळल्यावर मला त्याचा राग येईनासा झाला. एसपी-१२०० हे सॅम्पलर, म्हणजे जुन्या रेकॉर्डींतले तुकडे (सॅम्पल) साठवून पुन्हा वाजवणारं यंत्र, १९८७ मध्ये आलं, आणि बीट, म्हणजे रॅपखालचं संगीत, बनवणाऱ्यांचं ते लाडकं झालं. त्याच्या स्मृतीत जेमतेम १० सेकंदांचा आवाज मावायचा. मग पोरं काय करायची, ३३ ची रेकॉर्ड ४५ च्या वेगाने फिरवून आवाज आत भरायची आणि आत गेल्यावर तो पुन्हा सावकाश करायची. जागा वाचायची, आवाजाला कणी यायची. पोह्याला तेल कमी पडलं म्हणून पाण्याचा हबका मारावा आणि त्यालाच चव यावी, तसं काहीसं. आज लॅपटॉपवर अमर्याद जागा आहे आणि बीट ऑनलाइन विकत मिळतं. लिल नास एक्स या रॅपरने ‘ओल्ड टाउन रोड’साठी घेतलेलं बीट ३० डॉलरचं होतं. ते गाणं २०१९ मध्ये अमेरिकेत १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, तेव्हा स्वस्त म्हणजे वाईट असं म्हणायला तोंड उरत नाही.

सॅम्पलचा विषय निघालाच आहे तर एक आठवण. २००२ मध्ये ट्रूथ हर्ट्स नावाच्या गायिकेचं ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ हे गाणं आलं, रॅपर रकीमसह. माझ्या खोलीत ते लागलं आणि बाहेर पेपर वाचणारे बाबा उठून आत आले. “ही लता आहे,” म्हणाले. होतीच. ‘थोडा रेशम लगता है’, बप्पी लाहिरींचं १९८१ चं. परवानगी घेतली नव्हती म्हणून प्रकरण तिकडे कोर्टात गेलं, पण आमच्या घरी रॅपबद्दलचं मत बदलायला तेवढी दहा सेकंदं पुरली. जुन्या पद्धतीच्या बीटमध्ये हा एक मजेशीर उद्योग असतो, मूळ कुठलं ते ओळखण्याचा. आजच्या बीटमध्ये तो अगदी नाहीसा झालेला नाही, कमी झालाय.

शब्दांच्या बाबतीत माझं मत जरा जपून देतो. जुन्यात शब्द ऐकू येतात. रकीमची ओळीच्या पोटातली यमकं ऐकून मला शाळेतले मोरोपंत आठवले, आणि मोरोपंतांनाही मी त्यानंतरच जरा माफ केलं. नव्यात पुष्कळदा शब्द गिळलेले असतात. मी हे भाच्याला म्हटलं, तर तो म्हणाला, “मामा, तू अर्थ शोधतोयस. त्याचा आवाजच ड्रम आहे, तसा ऐक.” तसा ऐकला. मुद्दा बरोबर आहे. आपणही तराण्यात अर्थ शोधत नाही.

म्हणजे इथपर्यंत नव्याचं पारडं जड होतं. चार महिन्यांतले पहिले दोन मी खरंच मजेत होतो.

मग कोपर सुरू झालं.

सकाळी डोंबिवलीला स्लो पकडायची, जागा मिळाली तर बसायचं, इयरफोन लावायचे. गाण्यात मन बसेपर्यंत गाडी हलायची. पहिलं कडवं झालं, धृपद आलं, दुसरं कडवं सुरू होतंय असं वाटलं, आणि गाणं बंद. बाहेर बघितलं तर कोपर. पहिल्यांदा मी नेटवर्कला शिव्या घातल्या. दुसऱ्यांदा इयरफोनच्या पिना तपासल्या. तिसऱ्या दिवशी फोन खिशातून काढून पाहिलं, तर तक्रार कुठेच नव्हती. गाणंच तेवढं होतं. दोन मिनिटं आणि वर काही सेकंद.

मी मुद्दाम मोजलं नाही, पण स्थानकं खोटं बोलत नाहीत. आजचं गाणं म्हणजे डोंबिवली ते कोपर. जुनं गाणं म्हणजे दिवा ते मुंब्रा, खाडीचं पाणी आणि डोंगर दोन्ही दिसेपर्यंत चालणारं. लांबी हा काही गुण नव्हे, हे मलाही कळतं. माझी तक्रार लांबीची नाही, तिसऱ्या कडव्याची आहे.

नासच्या १९९४ च्या ‘इलमॅटिक’ या अल्बममध्ये ‘वन लव्ह’ नावाचं गाणं आहे. पहिली दोन कडवी म्हणजे तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेली पत्रं. बाहेर काय चाललंय, तुझा मुलगा कसा दिसतो, कोण फितूर झालं. इथे गाणं संपलं असतं तरी ते चांगलंच गाणं ठरलं असतं, आणि आज बहुधा इथेच संपलं असतं. पण तिसऱ्या कडव्यात पत्र थांबतं. न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सब्रिजच्या वस्तीत एका बाकावर नास एका बारा वर्षांच्या पोराशेजारी बसलाय, आणि तो पोरगा हत्यारांच्या गोष्टी मोठ्या माणसासारख्या सांगतोय. पुढचं पत्र कोणाला जाणार हे न सांगता कळतं. हे कळण्यासाठी आधीची दोन कडवी लागतात. तिसऱ्या कडव्यात गाणं वळतं. पोवाड्यात सुद्धा शाहीर पहिल्या चौकात अफजलखानाचा कोथळा काढत नाही.

हे वळण नव्यात का येत नाही याचं कारण कलावंतांच्या आळसात शोधू नका, ते हिशेबात आहे. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की एकदा ऐकलं असं धरलं जातं. पाच मिनिटं वाजलं तरी ते एकदाच. कॅसेट विकत घेतली की पैसे एकदाच मिळायचे, मग तिसरं कडवं कोणी ऐको न ऐको. आता दोन मिनिटांची दोन गाणी चार मिनिटांच्या एका गाण्याच्या दुप्पट मोजली जातात. म्हणून गाणी आखूड आणि अल्बम लांब. २०१८ मध्ये मिगोसच्या अल्बममध्ये २४ गाणी होती, ड्रेकच्या अल्बममध्ये २५. ‘इलमॅटिक’मध्ये सुरुवातीचा तुकडा धरून १०, एकूण ४० मिनिटांच्या आत. डोंबिवलीत लावला की विक्रोळी-घाटकोपरच्या आसपास संपतो, आणि मधलं एकही गाणं ढकलावं लागत नाही.

आता माझ्याच मुद्द्याला भाच्याने लावलेला सुरुंग. त्याने मला केंड्रिक लामारचं २०१२ चं ‘सिंग अबाउट मी’ ऐकवलं. बारा मिनिटांचं. पहिलं कडवं मारल्या गेलेल्या मित्राच्या भावाच्या तोंडून, दुसरं एका मेलेल्या मुलीच्या बहिणीच्या तोंडून. मी विझणार नाही, असं ती सांगत असते आणि सांगता सांगताच तिचा आवाज विरत जातो. तिसऱ्यात केंड्रिक स्वतः. मी गप्प बसलो. ज्याला २०१८ मध्ये पुलित्झर मिळालं त्याला ‘नवं वाईट’ या रकान्यात कसं टाकायचं? टाकत नाही. पण हेही खरं की भाच्याच्या दीडशे गाण्यांच्या यादीत असं हे एकच होतं, आणि तेही आता शाळेत जाण्याच्या वयाचं झालंय.

जुन्याच्या तक्रारी लपवण्यात अर्थ नाही. अल्बमच्या मधे मधे येणारे ते विनोदी संवाद, ज्यांना स्किट म्हणतात, ते पहिल्यांदा गमतीचे आणि चौथ्यांदा असह्य असतात. हा उपद्रव रूढ केला डे ला सोल या गटाने १९८९ मध्ये, त्यांच्या पहिल्या अल्बमात, आणि त्यांच्यावर माझं प्रेम असूनही मी ते माफ केलेलं नाही. त्यांचा तोच अल्बम सॅम्पलांच्या हक्कांच्या घोळामुळे मार्च २०२३ पर्यंत स्ट्रीमिंगवर नव्हताच. जुनं ऐकायचं तर अशी शोधाशोध करावी लागते. बायकांबद्दलची भाषा तर दोन्हीकडे अशी की घरात स्पीकरवर लावायची सोय नाही. त्यातल्या त्यात नव्यात बायका स्वतः उलट उत्तर देताना जास्त दिसतात. क्वीन लतीफा आणि एमसी लाइट या रॅपर तेव्हाही होत्या, पण सर्वोत्तम रॅप अल्बमचं ग्रॅमी २०२५ मध्ये डोईची या रॅपरला मिळालं तेव्हा ती ते मिळवणारी फक्त तिसरी स्त्री होती. तेव्हा या बाबतीत कोणी फार ताठ मानेने फिरू नये.

आपल्याकडच्या रॅपचा हिशेब वेगळा मांडावा लागेल, इथे एवढंच सांगतो. नेझीने २०१४ मध्ये कुर्ल्यातून आयपॅडवर केलेलं काम किंवा स्वदेशी या गटाने आरेच्या जंगलासाठी वारली आदिवासींच्या बाजूने केलेलं मराठी रॅप ऐकलं, तर कालदृष्ट्या नवं असूनही ते मला स्वभावाने जुनं वाटतं. सांगण्यासारखं काहीतरी आहे म्हणून तोंड उघडलेलं.

तर, तुम्हाला पळायला, उचलायला, गाडी हाकायला साथ हवी असेल तर बिनधास्त नवं घ्या, माझी वाट बघू नका. उभ्याने, दारात लटकून प्रवास असेल तरीही नवंच बरं, कारण तिथे तिसऱ्या कडव्याकडे लक्ष कोणाचं असतं? पण खिडकी मिळत असेल, किंवा निदान चौथी सीट, तर मी आपला जुन्याकडे बोट दाखवीन. सुरुवात ‘इलमॅटिक’ने करा, शफल बंद ठेवून. नंतर ९ नोव्हेंबर १९९३ या एकाच दिवशी बाहेर पडलेले दोन अल्बम आहेत, ट्राइबचा ‘मिडनाइट मरॉडर्स’ आणि वू-टँगचा पहिला. एक दुपारच्या झोपेसारखा, दुसरा चाळीतल्या भांडणासारखा. दोन्हींतला जो आवडेल त्यावरून पुढची वाट तुमची तुम्हाला सापडेल.

भाच्याला मी परतफेड म्हणून ‘वन लव्ह’ ऐकवलं. दिव्याला लावलं. मुंब्रा येईपर्यंत तो काही बोलला नाही. मग एक इयरफोन काढून म्हणाला, “बीट बारीक आहे रे मामा. पण तो बाकावरचा पोरगा, त्याचं पुढे काय झालं?”

मी म्हटलं, ते गाण्यात नाही. त्याने गाणं पुन्हा तिसऱ्या कडव्यापाशी नेऊन लावलं.