इम्प्लांटच्या डबीवरचे नाव मी वाचले होते

दातांचे चार इम्प्लांट, म्हणजे गेलेल्या दातांच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायचे स्क्रू, त्यांवरच्या चार कॅप आणि जबड्यात हाड भरणे, एवढ्यासाठी मी एकूण २,६४,००० मोजले. त्यांपैकी दोन इम्प्लांट आज माझ्या तोंडात नाहीत, उरलेल्या दोहोंपैकी एकाची कॅप हलते आणि खालच्या ओठाचा उजवा भाग व त्याखालची हनुवटी गेले अकरा महिने बधिर आहे. दाढी करताना तिथे ब्लेड लागले तर आरशात रक्त दिसेपर्यंत मला कळत नाही. नोकरीची एकतीस वर्षे मी इतरांची बिले आणि पावत्या तपासण्यात घालवली, त्यामुळे हे लिहिताना रागाइतकीच लाजही वाटते. घरच्यांनासुद्धा पूर्ण आकडा मी गेल्या महिन्यात सांगितला.

जाहिरात, मोफत तपासणी, 'आजच रक्कम भरल्यास सवलत' हा सगळा प्रकार कसा चालतो हे वाचकांना सांगायला नको. मलाही तो ठाऊक होता. तरीही मी फसलो, कारण त्या दवाखान्यात कोणी घाई केली नाही, कोणी आवाज चढवला नाही, आणि डॉक्टरांनी पडद्यावर माझ्याच जबड्याचे चित्र दाखवून अर्धा तास शांतपणे समजावले. मी दोन जागी दर विचारून आलो होतो, नातेवाइकांशी बोललो होतो. डोळे मिटून उडी मारली असे कोणी म्हणू नये.

दर होता एका इम्प्लांटला ५८,०००, म्हणजे चारांचे २,३२,०००. हाड भरण्याचे २८,००० वेगळे. एकूण २,६०,०००. त्याच दिवशी सगळे पैसे भरले तर दहा टक्के, म्हणजे २६,००० सूट. मी २,३४,००० भरले, त्यांपैकी १,००,००० बँकेतून आणि १,३४,००० रोख, कारण सूट 'रोखीवरच' होती. बँकेतून गेलेल्या रकमेची छापील पावती मिळाली. रोख रकमेसाठी एका कोऱ्या कागदावर आकडा आणि एक फराटा. ज्या माणसाने आयुष्यभर अशा कागदांवर लाल शेरे मारले, त्याने तो कागद घडी घालून खिशात ठेवला. पुढे शस्त्रक्रियेच्या दिवशी कळले की ५८,००० मध्ये ॲबटमेंट, म्हणजे हाडातला स्क्रू आणि वरची कॅप यांना जोडणारा मधला तुकडा, धरलेलाच नव्हता. त्याचे प्रत्येकी ७,५०० प्रमाणे ३०,००० आणखी गेले. दर सांगितला जाईल तेव्हा स्क्रू, ॲबटमेंट, तात्पुरती कॅप आणि कायमची कॅप या चारही गोष्टी त्यात आहेत का, हे लेखी घ्यावे. 'सगळे त्यात आले' या वाक्याला काहीही किंमत नाही.

माझ्या खालच्या उजवीकडच्या दोन दाढा आणि वरच्या डावीकडची एक उपदाढ पूर्वीच गेली होती. चौथी जागा मात्र त्यांनी तयार केली. खालच्या डाव्या दाढेत जुने मोठे सिमेंट होते आणि गार लागले की ती ठणकायची. 'ही वाचणार नाही, आत्ता काढली तर एकाच बैठकीत काम होईल,' असे सांगून त्यांनी ती काढली. तीच जुनी क्ष-किरण प्रतिमा नंतर दुसऱ्या दंतवैद्याने पाहिली आणि रूट कॅनाल करून कॅप घातली असती तर ती दाढ बहुधा अनेक वर्षे टिकली असती, असे सांगितले. चांगले इम्प्लांटसुद्धा वाचू शकणाऱ्या नैसर्गिक दाढेच्या तोडीचे नसते, हे मला दाढ गेल्यावर समजले. दात काढायला सांगितला की दुसरे मत घ्या, आणि ते इम्प्लांट न विकणाऱ्याकडून घ्या.

आता ज्या क्षणाचा मी रोज विचार करतो, त्याकडे येतो. लेखी अंदाजपत्रकात इम्प्लांट युरोपातल्या एका नामांकित कंपनीचे असल्याचे नाव घालून लिहिले होते. शस्त्रक्रियेच्या दिवशी भूल दिल्यानंतर ती चढेपर्यंत मी खुर्चीत पडून होतो. जवळच्या ट्रेमध्ये सहायक मुलीने चार लहान डब्या आणून ठेवल्या. वाचायचा चष्मा माझ्या गळ्यात होता. तो मी सवयीने डोळ्यांवर चढवला आणि सर्वांत जवळच्या डबीवरचे नाव वाचले. ते अंदाजपत्रकातले नाव नव्हते. मी तिला विचारले, जीभ जड झाली होती तरी शब्द स्पष्ट निघाले. ती सहजपणे म्हणाली, "काका, त्याच कंपनीचा नवा माल आहे, पॅकिंग बदललंय." मी मान डोलावली. पैसे भरून झाले होते, अर्धा चेहरा बधिर झाला होता, बाहेर मुलगा थांबला होता आणि उठून बसणे मला अशिष्टपणाचे वाटले. एवढ्या कारणांवर मी मान डोलावली. नंतर चेहऱ्यावर हिरवे कापड आले आणि काम संपल्यावर त्या डब्या टोपलीत गेल्या.

इम्प्लांटच्या निर्जंतुक डबीवर कंपनीचे नाव, मॉडेल, स्क्रूचा व्यास व लांबी, लॉट क्रमांक आणि वापरण्याची अंतिम मुदत छापलेली असते. बहुतेक डब्यांसोबत सोलून काढता येणारी लेबलेही असतात, एक दवाखान्याच्या नोंदीसाठी आणि एक रुग्णाच्या कार्डासाठी. माझ्या कार्डावर सोनेरी अक्षरांत 'आजीवन हमी' छापले आहे आणि लॉट क्रमांकाची चौकट रिकामी आहे. ती हमीही केवळ स्क्रूपुरती असून, दर सहा महिन्यांनी त्यांच्याचकडे शुल्क भरून तपासणी केली तरच लागू आहे. भरलेल्या हाडाच्या पदार्थालाही असेच लेबल असते, तेही माझ्या कागदांत कुठे नाही. त्यामुळे ते २८,००० कशाचे होते हे मी सांगू शकत नाही. भूल देण्याआधी डबी हातात घ्या, नाव वाचा, मोबाइलने फोटो काढा, आणि नाव वेगळे असेल तर खुर्चीवरून उठा.

कापडाखालून मी आणखी एक गोष्ट ऐकली होती. खालच्या डाव्या बाजूला, नुकत्याच काढलेल्या दाढेच्या खड्ड्यात स्क्रू बसवताना डॉक्टर म्हणाले, "वीसच आले." सहायकाने विचारले, "मग कॅप नंतर?" ते म्हणाले, "नाही, आजच देऊ, बोललोय." तो वीस म्हणजे स्क्रू हाडात किती घट्ट बसला याचा टॉर्क, न्यूटन सेंटिमीटरमधला आकडा. त्याच दिवशी कॅप द्यायची असेल तर तो साधारण पस्तीसच्या आसपास किंवा वर असावा असे मानतात; कमी असल्यास जखम शिवून हाड धरेपर्यंत तीन ते सहा महिने थांबायचे असते. टायटॅनियम जिवंत हाडाशी एकजीव होते, हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये सशाच्या हाडावर काम करताना आढळले आणि माणसाच्या जबड्यात त्यांनी पहिले इम्प्लांट १९६५ मध्ये बसवले, म्हणजे मधली तेरा वर्षे ते थांबले. माझ्या डॉक्टरांना तीन महिनेही थांबता आले नाही, कारण जाहिरातीत 'एका दिवसात दात' असे छापले होते. माझा राग इम्प्लांटवर नाही. नीट निवडलेल्या रुग्णात नीट बसवलेली इम्प्लांट दहा वर्षांनंतरही शंभरांतली नव्वदहून अधिक टिकतात. तो डावा स्क्रू पाचव्या आठवड्यात बोटाने हलू लागला.

मला मधुमेह आहे, हे मी पहिल्याच भेटीत न विचारता सांगितले होते. तेव्हा उत्तर मिळाले, "गोळ्या चालू आहेत ना? मग काही नाही." तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी त्यांनी मागितली नाही. स्क्रू हलू लागल्यावर मात्र त्याच डॉक्टरांनी 'तुमच्या मधुमेहामुळे हाडाने धरले नाही' असे तोंडावर सांगितले आणि त्यामुळे हमी लागू नाही, असेही. ज्यांना मधुमेह आहे, जे धूम्रपान करतात किंवा हाडांच्या ठिसूळपणासाठी औषधे घेतात, त्यांनी ही माहिती कागदावर लिहून देऊन त्याची पोच घ्यावी.

बधिरपणाची हकीकत याहून वाईट आहे. खालच्या जबड्याच्या आतून एक नस जाते आणि ती ओठाला व हनुवटीला संवेदना देते; स्क्रूचे टोक आणि त्या नसेची नळी यांत किमान दोन मिलिमीटर अंतर ठेवण्याचा संकेत आहे. ते अंतर नीट मोजायला सीबीसीटी, म्हणजे त्रिमितीय स्कॅन लागतो. माझी फक्त ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याची सपाट क्ष-किरण प्रतिमा काढली होती, आणि विचारल्यावर 'तुमच्या केसमध्ये थ्रीडीची गरज नाही' असे उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी सकाळी भूल उतरली, पण ओठाचा बधिरपणा उतरला नाही. मी फोन केला, त्यांनी सूज आहे म्हणून तीन महिने थांबायला सांगितले आणि मी थांबलो. अशा वेळी त्याच दिवशी स्कॅन काढून, स्क्रू नसेवर दाबत असेल तर तो ताबडतोब मागे घ्यायचा किंवा काढायचा असतो. दिवस जातील तशी संवेदना परतण्याची शक्यता कमी होत जाते. चौथ्या महिन्यात मी दुसरीकडे ३,५०० भरून स्कॅन काढला, तेव्हा उजव्या शेवटच्या स्क्रूचे टोक नळीत शिरलेले स्पष्ट दिसले. तो आणि डावा हलणारा असे दोन्ही काढायला १८,००० लागले. सगळे मिळून २,८५,५०० झाले.

उरलेल्यांपैकी उजव्या बाजूची कॅप हलते, म्हणजे आतला जोडस्क्रू सैल झाला आहे. कॅप सिमेंटने चिकटवलेली असल्याने तिला वरून भोक पाडून आतला स्क्रू शोधावा लागला. तो सापडला, पण त्याला बसणारा पाना कोणाकडेच निघाला नाही. प्रत्येक कंपनीच्या खाचा वेगळ्या असतात आणि माझ्या इम्प्लांटची कंपनी कोणालाही ठाऊक नाही. दोन दंतवैद्यांनी क्ष-किरण प्रतिमेवरून अंदाज बांधले. दोघांचे अंदाज वेगळे निघाले. मी डबीवरचे नाव वाचले होते, पण आज ते मला आठवत नाही. पहिले अक्षर आठवते आहे असे कधी रात्री वाटते आणि सकाळी तेही पक्के वाटत नाही.

तक्रारीचे काय झाले, तेही सांगतो. दंतवैद्यांची नोंदणी करणाऱ्या परिषदेकडे मी नऊ पानी अर्ज दिला. सहा आठवड्यांनी तो परत आला, कारण शस्त्रक्रिया करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक त्यात नव्हता. शस्त्रक्रिया ज्यांनी केली ते बाहेरून येणारे सर्जन होते, पाटीवर ज्यांचे नाव आहे ते नव्हेत, आणि त्यांचे नाव माझ्या एकाही कागदावर नाही. दवाखान्याकडे मागितले तर 'परिषदेने विचारल्यास सांगू' असे उत्तर आले, आणि परिषद म्हणते की नाव असल्याशिवाय विचारता येत नाही. मी पाटीवरच्या डॉक्टरांच्या नावाने पुन्हा अर्ज दिला, तेव्हा तज्ज्ञाचा अभिप्राय जोडा असे पत्र आले. ज्या दंतवैद्याने माझे स्क्रू काढले, ज्याने स्कॅनकडे पाहून माझ्यासमोर कपाळावर हात मारला, त्याने लेखी देताना 'स्क्रू नळीच्या सान्निध्यात आहे, उत्पादक अज्ञात' एवढेच लिहिले. 'चूक' हा शब्द त्याच्या लेखणीतून उतरला नाही, आणि त्याने मला तसे हात जोडून सांगितलेही. पोलीस ठाण्यात दोन तास बसल्यावर एका अधिकाऱ्याने अर्ज वाचून हा व्यवहारातला वाद असल्याचे सांगितले आणि आपल्याही एका दाढेची चौकशी माझ्याकडे केली. ग्राहक आयोगात रोख १,३४,००० चा पुरावा मागितला, तेव्हा मी तो फराट्याचा कागद पुढे केला. समोरच्या वकिलांनी तो उलटसुलट पाहून 'यावर माझ्या अशिलाचे नाव कुठे आहे?' असे विचारले, आणि प्रश्न रास्त होता. त्यानंतर त्यांनी माझे संमतिपत्र सादर केले. शस्त्रक्रियेच्या दोन मिनिटे आधी, खुर्चीत बसलेला असताना मी त्यावर सही केली होती, आणि त्यात 'नसेला इजा होऊ शकते' हे वाक्य ठळक अक्षरांत होते, इम्प्लांटच्या कंपनीची जागा कोरी होती. संमतिपत्र आदल्या दिवशी घरी मागून घ्या, आणि कोऱ्या जागा भरल्याशिवाय सही करू नका.

आतापर्यंत चार तारखा पडल्या. एकदा सदस्य रजेवर होते, दोनदा समोरच्या वकिलांनी मुदत मागितली. चौथ्या तारखेला आयोगाने दवाखान्याला शस्त्रक्रियेची मूळ नोंदवही आणायला सांगितली होती, कारण इम्प्लांटची लेबले तिथे चिकटवलेली असायला हवीत. वकिलांनी लेखी निवेदन दिले की दवाखान्याचे नूतनीकरण चालू असल्यामुळे त्या वर्षाची नोंदवही सापडत नाही, आणि पाचवी तारीख मागून घेतली.