घरचा हॉटपॉट: बीजिंगचा की चोंगछिंगचा?

हॉटपॉट म्हणजे टेबलावरच उकळत्या भांड्यात मटण-भाज्या बुडवून, शिजवत शिजवत खायचं चिनी जेवण. बीजिंगच्या पद्धतीत मधोमध धुराडं असलेलं तांब्याचं भांडं आणि त्यात जवळपास नुसतं पाणी: आलं, पातीचा कांदा, दोन-चार लाल बोरं. सगळी मदार मटणावर. कागदासारखा काप चॉपस्टिकने धरून पाण्यात हलवायचा, लाली गेली की थेट तिळाच्या दाट चटणीत. मटण शिळं किंवा जाड कापलेलं असेल तर झाकायला इथे मसालाच नाही. अर्धवट गोठवून कापलं की घरच्या सुरीनेही जमतं. कोळसा मात्र बंद खोलीत नकोच, विषारी वायू साठतो. त्यापेक्षा इंडक्शन आणि त्यावर चालणारं स्टीलचं भांडं बरं.

नैऋत्य चीनमधल्या चोंगछिंग शहराचा कारभार उलटा. गाईच्या चरबीत परतलेल्या सुक्या मिरच्या आणि सिचुआन मिरी, म्हणजे आपल्या तिरफळाची बहीण. जीभ बधिर करते. वजडी पंधराएक सेकंद बुडवून लसूण घातलेल्या तिळाच्या तेलात. बटाटा, मशरूम, टोफू, काहीही खपतं. बाजारात तयार मसाल्याची वडीही मिळते. फक्त पडद्यांना वास दोन दिवस राहतो.

नवखे पाहुणे असतील तर मी चोंगछिंग निवडेन. तिखट झेपत नसेल त्यांच्यासाठी दोन कप्प्यांचं भांडं. शाकाहाऱ्यांना चरबीऐवजी तेल. मटणवाला ओळखीचा असेल तर मात्र बीजिंगच.