चंदेरीवर फूल: शॅडो वर्क की साटिन टाका?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या बाजारात चंदेरी कापड सहज मिळतं. रेशमी ताणा, सुती बाणा आणि मागचं सगळं आरपार दिसणार. म्हणून फूल भरायला आमचा कौल शॅडो वर्कला, म्हणजे मागून भरून समोर रंगाची सावली दाखवणाऱ्या कामाला.

१० नंबरची सुई, एकपदरी दोरा. कापडाच्या उलट बाजूने हेरिंगबोन टाका (पाकळीच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाणारा, एकमेकांना छेदणारा तिरपा टाका) घाला. सुलट बाजूला पाकळीच्या दोन्ही कडांना टीप उमटते आणि मध्ये रंगाची सावली. टाका २ मिमीचा, वळणाच्या आतल्या कडेला आणखी बारीक, नाहीतर दोन्ही कडांचे टाके पुढेमागे होतात. पाकळी ८ मिमीहून रुंद नको. आतले दोरे लोंबतात, बांगडीत अडकतात. गाठ मारायचीच नाही, समोरून ठिपका दिसतो. टोक टाक्यांखाली दडवा. दोरा एक छटा गडद घ्या, कापडाआडून रंग फिका पडतो.

साटिन टाका (लगतचे समांतर टाके घालून आकार भरणं) उठून दिसतो खरा, पण ओढला की चंदेरीला चुण्या पडतात. हवाच असेल तर मागे मलमल लावा, किंवा काठाच्या दाट विणीवर भरा.

छापासाठी पाण्याने जाणारं पेन वापरलं तर खुणा इस्त्रीआधी ओल्या कापसाने टिपा; उष्णतेने त्या पक्क्या बसतात.