तीन पिना दिसल्या, तरी मी पैसे पाठवले: जुन्या केगच्या सामूहिक खरेदीत गेलेले 2,061 डॉलर

घरच्या घरी बिअर कमी खर्चात कशी करावी, हे ओहायोतल्या आमच्या छोट्या गटाला मी गेली आठ वर्षे सांगत आले आहे, आणि त्याच काटकसरीच्या आमिषाने, जुने केग (बिअर साठवायची स्टीलची पिंपे) स्वस्तात देतो म्हणून, मार्च 2024मध्ये एका माणसाने माझ्याकडून 2,061 डॉलर लुबाडले. त्यांतले 1,630 डॉलर माझे नव्हते. माझ्या शब्दावर विसंबून नऊ जणांनी ते माझ्याकडे जमा केले होते. हे लिहिताना मला लाज वाटते, पण गप्प बसले तर तोच माणूस उद्या तुमच्यापैकी कोणाच्या तरी दारात उभा राहील, म्हणून सगळे आकड्यांसह लिहीत आहे.

मी काही भोळीभाबडी गिऱ्हाईक नव्हते, हे आधी सांगणे मला आवश्यक वाटते. महागडी यंत्रे न घेता मोठ्या पातेल्यात कापडी पिशवी सोडून त्यातच माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) भिजवावे, सुटे माल्ट पौंडाला दोन डॉलरने घेण्याऐवजी पोते घेऊन ते एका डॉलरच्या आसपास पाडावे, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले) एकेक औंसाच्या पाकिटात न घेता पौंडाने घेऊन हवाबंद करून फ्रीझरमध्ये ठेवावेत, एका घाण्याच्या, म्हणजे एका वेळी केलेल्या बिअरच्या, तळाशी बसलेले यीस्ट स्वच्छ बरणीत काढून पुढच्या घाण्याला वापरावे, हे सगळे नव्या लोकांना मीच शिकवते. पाच गॅलनच्या एका घाण्याला साधारण दहा पौंड माल्ट लागते, म्हणजे पन्नास पौंडांच्या पोत्यात पाच घाणे निघतात, हा हिशेब आमच्या गटातल्या प्रत्येकाला माझ्यामुळे पाठ आहे. त्यामुळे सामूहिक खरेदीची गोष्ट निघाली, तेव्हा पैसे गोळा करण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले.

हा विक्रेता आमच्या परिचयातल्याच एका माणसामार्फत आला. पश्चिमेकडे इंडियानाच्या सीमेजवळच्या एका गावातली छोटी ब्रुअरी बंद झाली आहे आणि तिचा माल आपण मोकळा करत आहोत, असे त्याचे म्हणणे होते. अलीकडे छोट्या ब्रुअऱ्या बंद पडण्याच्या बातम्या आम्ही सारखे ऐकत होतो, त्यामुळे त्यात खोटे वाटण्यासारखे काही नव्हते. जानेवारीत त्याने आम्हांला तीन पौंड हॉप्स 54 डॉलरला विकले. पाकीट वेळेवर आले, सील नीट होते, वासही ताजा होता. या 54 डॉलरच्या खऱ्या व्यवहाराने आमचे डोळे झाकले, हे आज स्पष्ट दिसते. पहिला छोटा व्यवहार चोख झाला, एवढ्यावरून माणूस चोख ठरवू नका. मोठ्या रकमेचे दार उघडण्यासाठी तेवढा खर्च त्याला परवडतो.

फेब्रुवारीच्या अखेरीस त्याने मोठी यादी पाठवली. सोडा कंपन्यांकडून बाद झालेले पाच गॅलनचे स्टीलचे केग, बॉल-लॉक नावाच्या जोडणीचे, प्रत्येकी 38 डॉलर. बेस माल्टची पोती प्रत्येकी 41 डॉलर. कार्बन डायऑक्साइडचे पाच पौंडी सिलिंडर प्रत्येकी 45 डॉलर. आम्ही दहा जणांनी मिळून 24 केग, 14 पोती आणि 6 सिलिंडर मागितले. त्याचे 912, 574 आणि 270 असे 1,756 डॉलर झाले, आणि माल एका ठिकाणी आणून ठेवण्याचे 120 धरून एकूण रक्कम 1,876 झाली. ही किंमत हास्यास्पद म्हणावी इतकी कमी नव्हती. मी स्वतः 2018मध्ये असा एक जुना केग 45 डॉलरला घेतला होता, आणि घाऊक विक्रीत तो 38ला मिळू शकतो, असे त्या वेळी कोणालाही वाटले असते. फसवणारा माणूस फुकट देत नाही, तो पटेल तेवढेच स्वस्त देतो.

आता ज्या क्षणामुळे मला अजून झोप लागत नाही, त्याबद्दल लिहिते.

3 मार्चच्या रात्री त्याने केगचे छायाचित्र पाठवले. करड्या भिंतीला टेकून दोन रांगांत लावलेले केग, खाली सिमेंटची जमीन, वरून पिवळट दिवा. मी छायाचित्र मोठे करून पाहिले, कारण जुना केग घेताना पोचे, गंज आणि वरच्या रबरी कड्याची अवस्था पाहावी, हे मीच सगळ्यांना सांगते. खालच्या रांगेतल्या एका केगच्या तोंडाशी मला तीन पिना, म्हणजे नळीची जोडणी अडकवायचे छोटे खुंट, दिसल्या. ज्यांना हा छंद आहे त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. बॉल-लॉक केगला पिना नसतात. पिन-लॉक केगला असतात, वायूच्या बाजूला दोन आणि द्रवाच्या बाजूला तीन, आणि हे केग थोडे बुटके व रुंदही असतात. दोन्ही प्रकारांची जोडणी वेगळी असते, एकाचे साहित्य दुसऱ्याला बसत नाही. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी केग दाखवते तेव्हा बोट ठेवून याच पिना मोजायला लावते. म्हणजे जी खूण ओळखायला मी लोकांना शिकवत होते, तीच खूण माझ्या हातातल्या पडद्यावर होती, आणि मी ती पाहिली होती.

मी त्याला विचारलेही. त्याने दोन मिनिटांत उत्तर दिले की छायाचित्र जुने आहे, त्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाचा माल मिसळलेला आहे, तुमचे चोवीस वेगळे काढून ठेवले आहेत. मी त्याच वेळी एवढेच म्हणायला हवे होते की त्या वेगळ्या काढलेल्या चोवीस केगांचे आजच्या तारखेची चिठ्ठी ठेवून छायाचित्र पाठवा. एक ओळ लिहायची होती. ती मी लिहिली नाही, कारण दुसरा गट घ्यायला तयार आहे असे त्याने पुढच्याच वाक्यात म्हटले होते, आणि नऊ जणांनी माझ्याकडे आपापली यादी देऊन ठेवली होती. त्यांच्यापैकी दोघे विद्यार्थी होते, त्यांच्यासाठी हे 38 डॉलर आणि इतरत्र पडणारे 60 डॉलर यांतला फरक मोठा होता. मी लोभापायी घाई केली असे कोणी म्हटले, तर मला ते मान्य नाही. लोकांचे चार पैसे वाचावेत म्हणून मी घाई केली. पण नुकसान व्हायचे ते झालेच.

4 मार्चला मी 938 डॉलर पाठवले, 9 मार्चला उरलेले 938. दोन्ही वेळा बँकेतून थेट दुसऱ्याच्या बँकेत क्षणात जमा होणारी पद्धत वापरली, कारण कार्डाने घेतले तर तीन टक्के जास्त पडतील, असे तो म्हणाला. ते तीन टक्के म्हणजे 57 डॉलरसुद्धा झाले नसते. कार्डाने दिले असते तर व्यवहाराला हरकत घेऊन पैसे परत मागता आले असते. अनोळखी माणसाला मोठी रक्कम द्यायची असेल, तर हे तीन टक्के वाचवू नका. दुसरी गोष्ट, ज्या खात्यात पैसे जात होते, त्यावर एका स्त्रीचे नाव दिसत होते आणि तो ते आपल्या पत्नीचे खाते असल्याचे सांगत होता. बोलणारा एक आणि घेणारा दुसरा असेल, तर तिथेच थांबा.

12 मार्चला त्याने आणखी 185 डॉलर मागितले. पोती उतरवायला यंत्र भाड्याने घ्यावे लागत आहे, म्हणे. ही रक्कम मी गटाला न विचारता स्वतःच्या खिशातून भरली, कारण इतके पैसे अडकल्यावर 185साठी व्यवहार मोडायला मन धजावत नव्हते.

शनिवारी, 16 मार्चला, मी आणि माझा नवरा 94 डॉलर भाड्याची व्हॅन घेऊन दिलेल्या पत्त्यावर गेलो. तिथे टायरचे दुकान होते. ब्रुअरी नव्हती, गोदाम नव्हते. दुकानाच्या मालकाने माझ्या हातातली यादी पाहिली आणि हात पुसत सांगितले की त्या आठवड्यात त्याच्याकडे आलेले आम्ही तिसरे. मी विक्रेत्याला फोन लावला, तर क्रमांक बंद होता. येताना गाडीत आम्ही दोघेही बोललो नाही. मागे रिकाम्या व्हॅनमध्ये केग बांधायला घेतलेले पट्टे इकडून तिकडे घसरत होते, तो आवाज घरी पोहोचेपर्यंत आला.

त्यानंतर जे झाले त्याचा राग मूळ फसवणुकीपेक्षा कमी नाही.

बँकेला मी त्याच दुपारी फोन केला. 47 मिनिटे वाट पाहिल्यावर पलीकडून सांगण्यात आले की पैसे तुम्ही स्वतः पाठवले आहेत, त्यामुळे हा व्यवहार अनधिकृत धरता येत नाही. मी सांगितले की खोटे बोलून ते पाठवायला लावले. उत्तर तेच. लेखी तक्रार केली, तेव्हा अकरा दिवसांनी तेच वाक्य छापील पत्रातून आले. इलेक्ट्रॉनिक व्यवहारांसाठी इथे 1978चा संघीय कायदा आहे. तुमच्या परवानगीवाचून खात्यातून पैसे गेले तर तो संरक्षण देतो, पण फसून तुम्हीच बटण दाबले असेल तर बँका त्याच कायद्याकडे बोट दाखवून हात झटकतात. हे मला पैसे गेल्यावर कळले. तुम्हांला आधी कळावे म्हणून लिहीत आहे.

पोलिसांकडे गेले, तर तिथल्या अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न होता की घरी बिअर करायचा तुमच्याकडे परवाना आहे का. फसवणुकीची तक्रार करायला आलेल्या बाईने आरोपीसारखे उभे राहून समजावायचे की 1978मध्ये संमत झालेल्या आणि 1979च्या फेब्रुवारीत लागू झालेल्या संघीय कायद्याने स्वतःपुरती बिअर करमुक्त ठरवली आहे, एका प्रौढाला वर्षाला 100 गॅलन आणि दोन प्रौढांच्या घराला 200 गॅलनची मर्यादा आहे, आणि आम्ही त्यातली एक बाटलीही विकत नाही. ते ऐकून घेतल्यावर त्यांनी ठरवले की ही दिवाणी बाब आहे. त्या दुसऱ्या गावच्या पोलिसांना फोन केला, तर त्यांनी तुम्ही राहता तिथे तक्रार करा असे सांगितले. आमच्याकडचे म्हणतात गुन्हा तिकडे झाला, तिकडचे म्हणतात पैसे इकडून गेले. देशपातळीवरचा ऑनलाइन तक्रार अर्ज दीड तास बसून भरला, पोच म्हणून एक क्रमांक आला, आणि त्यापुढे आजतागायत एक अक्षरही आलेले नाही. ओहायोत 6,000 डॉलरपर्यंतचा दावा लघुवाद न्यायालयात वकिलाशिवाय लावता येतो, पण समन्स पोहोचवायला प्रतिवादीचे खरे नाव आणि पत्ता लागतो. ते बँकेकडे आहे. बँक म्हणते पोलिसांनी मागितले तर देऊ, आणि पोलीस म्हणतात दिवाणी बाबीत आम्ही मागत नाही. ज्याच्याकडे पैसे गेले त्याचे नाव तीन कचेऱ्यांना शोधता येते आणि तिन्ही कचेऱ्या ते शोधायला तयार नाहीत, ही गोष्ट मला कोणी पटवून देऊ शकलेले नाही.

भारतात घरी मी हे कोणालाही सांगितलेले नाही. महाराष्ट्रात 1949च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय घरी बिअर करणे हा गुन्हाच आहे, त्यामुळे माझ्या थोरल्या भावाला पैसे गेले हे सांगण्याआधी हा छंद इथे कायदेशीर आहे, इथपासून सुरुवात करावी लागेल. तिकडे बसून हे वाचणाऱ्यांनी माझ्या काटकसरीच्या सूचना तिथे करून पाहू नयेत, हेही याच ठिकाणी स्पष्ट करते.

नऊ जणांचे 1,630 डॉलर मी जूनअखेरपर्यंत तीन हप्त्यांत परत केले. कोणी मागितले नव्हते. दोघांनी घ्यायला नकार दिला, मी बळेच दिले. एकाने मात्र गटासमोर म्हटले की तुम्ही नीट चौकशी केली असेल असे आम्ही धरून चाललो होतो. त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आता आमच्या गटात सामूहिक खरेदीचे पैसे एका व्यक्तीच्या खात्यात जमा होत नाहीत. माल डोळ्यांसमोर आल्यावर प्रत्येकाने आपापले द्यायचे, असे मी ठरवून घेतले आहे.

जुने केग घ्याच, मी अजूनही तेच सांगेन, कारण नव्याच्या निम्म्या किमतीत ते वर्षानुवर्षे चालतात. पण हातात घेऊन घ्या. सोबत छोटा सिलिंडर नेऊन केग 30 पीएसआय (दाबाचे एकक) इतक्या दाबापर्यंत भरा, झाकणावर आणि दोन्ही तोंडांवर साबणाचे पाणी फवारा, बुडबुडे येतात का पाहा. रबरी कडी बदलायचा खर्च किमतीतच धरा. सिलिंडर घेताना त्याच्या खांद्यावर ठोकलेली तपासणीची तारीख वाचा. पाच वर्षे उलटली असतील तर भरून देणारे दुकान तो परत करील आणि नव्या तपासणीचा भुर्दंड तुमच्यावर पडेल. विक्रेता ही तपासणी करू देत नसेल, तर पुढे बोलूच नका.

सप्टेंबरात तेच छायाचित्र मला पुन्हा दिसले, दुसऱ्या नावाने, केंटकीतल्या एका जाहिरातीत, किंमत 36 डॉलर. मी ते जाहिरात दाखवणाऱ्या साइटकडे तक्रारीसाठी पाठवले, तर आमच्या नियमांचा भंग झालेला नाही असे स्वयंचलित उत्तर आले. म्हणून त्याची ओळख इथे देऊन ठेवते. करडी भिंत, पिवळट उजेड, केगच्या दोन रांगा. खालच्या रांगेत डावीकडून दुसरा केग पाहा. त्याच्या वरच्या काळ्या रबराचा कडा पुढच्या बाजूला फाटलेला आहे, आणि छायाचित्र मोठे केले की त्याच्या तोंडाशी तीन पिना स्पष्ट मोजता येतात.