घरासाठी प्रिंटर: कार्ट्रिज, इंक टँक की लेझर?

महिन्याला दहा-वीस पाने छापणाऱ्या कुटुंबापुढे तीन पर्याय असतात: कार्ट्रिजचा स्वस्त इंकजेट, बाटलीतून शाई भरायचा इंक टँक आणि फक्त काळे छापणारा लेझर. तिन्ही मी वेगवेगळ्या काळात घरी वापरले आहेत. वेग किंवा छपाईची स्पष्टता यांवरून निवड करावी इतका फरक घरगुती वापरात जाणवत नाही. खरा फरक खरेदीनंतरच्या खर्चात आहे, आणि त्यातला बराचसा खर्च प्रिंटर नुसता पडून असताना होतो.

कार्ट्रिजच्या प्रिंटरचा हिशेब बहुतेकांना ठाऊक असतो. यंत्र तीन-चार हजारांत मिळते, पण काळ्या आणि रंगीत कार्ट्रिजची जोडी अनेक मॉडेलांत त्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास जाते, आणि रंगीत कार्ट्रिजमधला एकच रंग संपला तरी उरलेल्या दोन रंगांसकट ते टाकावे लागते. खोक्यावरचा पानांचा आकडा आयएसओ 24711 या मानकानुसार, ठरावीक नमुना पाने सलग छापून काढलेला असतो. घरात मात्र कोणी सलग छापत नाही. एखादा प्रवेशअर्ज, सातबारा, हॉल तिकीट, मग तीन आठवडे काहीच नाही, असा आपला वापर असतो.

माझा निर्णय झाला तो नेमका याच जागी. शाई पाण्यावर आधारलेली असते आणि ती फवारणाऱ्या नोझलची छिद्रे केसाहूनही बारीक असतात; मे महिन्यात सगळे गावाला जाऊन परतले की पहिल्याच पानावर अक्षरांतून आडव्या पांढऱ्या रेघा दिसतात. नोझल तपासणीचे पान काढावे, तर काळ्या जाळीत तुटलेल्या रेषा आणि पिवळा पट्टा जवळजवळ नाहीसा. मग हेड क्लिनिंग करायचे, म्हणजे नोझल बसवलेला भाग (हेड) प्रिंटरकडूनच साफ करून घ्यायचा. ते बंद छिद्रांबरोबर चालू छिद्रांतूनही शाई ओढून घेते, त्यामुळे एकही कामाचे पान हाती न पडता शाईची पातळी खाली येते. प्रिंटर त्याच्या बटणाने बंद न करता थेट भिंतीवरच्या स्विचने बंद केला, किंवा छपाई चालू असताना वीज गेली, तर हेड नोझल झाकणाऱ्या टोपीवर परतत नाही आणि शाई आणखी लवकर सुकते. भारनियमन असलेल्या गावांत हा त्रास जास्त व्हावा, असे मला वाटते.

इंक टँकने शाईची किंमत खरोखर खाली आणली. एप्सनने 2010 मध्ये इंडोनेशियात हा प्रकार आणला आणि पुढे तो भारतातही रुळला. त्यांच्या 003 मालिकेतली 65 मिलीची काळी बाटली काही शे रुपयांत मिळते आणि कंपनीच्या आकड्याप्रमाणे 4500 पानांना पुरते. शिकवणीचे वर्ग घेणाऱ्यांनी, किंवा ज्यांच्या मुलांचे रंगीत प्रकल्प सतत चालू असतात त्यांनी, निःशंकपणे हाच घ्यावा. पण नोझल इथेही आहेत. अनेक स्वस्त प्रिंटरांत नोझल कार्ट्रिजवरच असल्याने नवे कार्ट्रिज घातले की दुखणे मिटते. टँकमध्ये हेड सहसा यंत्रातच बसवलेले असते आणि ते पक्के तुंबले तर दुरुस्तीचा आकडा नवा प्रिंटर घ्यावा की काय, असा विचार करायला लावतो. शिवाय क्लिनिंगची शाई ज्या पॅडमध्ये मुरते, ते भरल्याची नोंद झाली की यंत्र छापायचे थांबते.

लेझरमध्ये शाईच नाही. टोनर ही कोरडी पूड असल्यामुळे ती सुकण्याचा प्रश्न येत नाही. माझा प्रिंटर गणपतीत झाकून ठेवला आणि दिवाळीनंतर उघडला, तरी पहिले पान काळेभोर आणि स्वच्छ निघते, आणि या एका गोष्टीपुढे त्याची दहा हजारांच्या पुढची किंमत मला जड वाटत नाही. रंग नाही, ही उणीव आहेच. वर्षातली मोजकी रंगीत पाने मी झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणतो. पूड कागदावर वितळवण्यासाठी आतला फ्यूजर सुमारे दोनशे अंशांपर्यंत तापतो, तेव्हा एकदम बरीच वीज ओढली जाते, म्हणून तो घरच्या इन्व्हर्टरवर लावू नये.

लेझर घेणार असाल तर दुकानात यंत्राआधी टोनरची चौकशी करावी. एचपी 1020 आणि कॅनन एलबीपी 2900 या जुन्या जोडीला एकाच घडणीचे, सुमारे 2000 पानांचे टोनर लागते आणि ते तालुक्याच्या गावीही भरून मिळते. नव्या मॉडेलांत टोनरवर चिप आहे का आणि ड्रम (ज्या नळकांड्यावरून पूड कागदावर उमटते ते) वेगळा घ्यावा लागतो का, हे विचारून घ्यावे. चिप असेल तर बाहेरून भरलेले टोनर यंत्र नाकारू शकते.