अंदमानात पाऊस गाठलाच तर: हॅवलॉक की पोर्ट ब्लेअर?

अंदमानात मोसमी पाऊस मे महिन्याच्या उत्तरार्धात, केरळच्याही आधी पोचतो. आम्ही हे वाचलं विमानाची तिकिटं काढल्यावर! ती इतकी स्वस्त का मिळाली, तेही तेव्हाच कळलं.

हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप, उघडीप असली तर स्वर्ग. पण समुद्र खवळला की फेरी रद्द, आणि तुम्ही बेटावर अडकलात. आमचे दोन दिवस असेच गेले. वीज ये-जा करत होती, स्कूबाचं बुकिंग वाया गेलं, लेकीच्या घोट्याला प्रवाळ लागलं आणि राधानगर किनाऱ्यावरचा सूर्यास्त ढगांनीच गिळला. डिसेंबर २०१६मध्ये तर वादळामुळे शेकडो पर्यटक इथे अडकले होते. नौदलाला जहाजं पाठवावी लागली. म्हणजे हिवाळ्याचीही खात्री नाहीच.

पोर्ट ब्लेअर, २०२४पासूनचं श्रीविजयपुरम, दिसायला साधंच. इथले किनारे हॅवलॉकच्या पासंगालाही पुरत नाहीत. पण पावसात सेल्युलर जेल बघता येतं. सावरकरांची कोठडी तर अशा कुंद दुपारी जास्तच अंगावर येते. दवाखाना, एटीएम, विमानतळ सगळं हाताशी.

पुन्हा गेलो तर मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच. हॅवलॉकला दोन रात्री, त्याही सहलीच्या सुरुवातीला. परतीचं विमान फेरीच्या भरवशावर ठेवणार नाही.